सिद्रामप्पा मास्तरांची लाल कांडी

मिक्सर लावायचा असला की तुम्ही काय करता? बटण दाबता. मी एकोणीस पायऱ्या उतरून खाली जाते. तिथे मीटरच्या खाली लोखंडी खुर्ची टाकून आमचे घरमालक बसलेले असतात. त्यांच्यासमोर उभी राहून मी म्हणते, "मास्तर, मिक्सर."

मास्तर मनगटावरच्या घड्याळात बघतात. "किती मिन्टं?"

"तीन."

"काय वाटायलाव?"

"शेंगाची चटणी."

"शेंगाची चटणी मिक्सरमदी? तेल कुटनं सुटनार तिला? उखळात कुटायची असती की ती."

हे माझ्या स्वयंपाकावरचं मत झालं, त्याचा परवानगीशी संबंध नसतो. मत देऊन झालं की ते उठतात, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली एक लाल रंगवलेली लाकडी कांडी काढतात आणि माझ्या हातात ठेवतात. "लाइन क्लिअर," असं म्हणतात. मग मी एकोणीस पायऱ्या चढून वर येते आणि तीन मिनिटांत चटणी वाटते. ती कांडी पुन्हा खिळ्यावर जाईपर्यंत या घरात दुसरं काही लावायचं नाही. मी नाही आणि मास्तरांनीही नाही.

लोक आता म्हणे मोबाइलवरून घरातले दिवे लावतात. आमच्या भवानी पेठेत मात्र हे असं चालत होतं, आणि तेही चार वर्षं. मी शाळेत गणित शिकवते, घरी आले की माझीच विद्यार्थिनी व्हायची.

सिद्रामप्पा मास्तर म्हणजे रेल्वेतले मास्तर. साडेपाच-पावणेसहा फूट उंची, अंगावर मांस असं नाहीच, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि बनियन इतका पांढरा की त्यांच्याकडे बघून मला माझ्या धुण्याची लाज वाटायची. सगळी नोकरी त्यांनी लहान लहान स्टेशनांवर काढली, जिथे रूळ एकच असायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या त्याच्यावरूनच धावायच्या. अशा ठिकाणी ड्रायव्हरच्या हातात टोकन दिल्याशिवाय गाडी हलत नसे. टोकन एकच निघायचं, त्यामुळे समोरून दुसरी गाडी येण्याची भीती नसायची. मास्तर निवृत्त झाले, रूळ दुहेरी झाले, टोकनं गेली. पण जित्याची खोड जाते थोडीच! त्यांनी ती सगळी पद्धत घरी आणली.

त्याला निमित्तही तसंच होतं. हे घर त्यांच्या वडिलांच्या वेळचं. खाली माग होते, वर राहायला जागा. वायरिंगही त्याच काळातलं. लाकडी पट्ट्यांवरून गेलेल्या काळ्या वायरी, गोल काळी बटणं, चिनी मातीचे फ्यूज. मिक्सर चालू असताना कुणी इस्त्री लावली की 'फट्' असा आवाज व्हायचा आणि सगळं घर गप्प. पावसाळ्यात तर जिन्याजवळच्या भिंतीला हात लावला तरी मुंग्या यायच्या. आम्ही राहायला आल्यावर पहिल्या महिन्यातच फ्यूज नऊ वेळा उडाला. दहाव्या वेळी मास्तरांनी माळ्यावरून वडिलांच्या मागाची एक जुनी कांडी काढली. आडवं सूत गुंडाळायची असते ना, ती वीतभर लाकडी नळी. तिला लाल ऑइलपेंट दिला, वर दोरी बांधली आणि जाहीर केलं, "आजपास्नं एका लाइनीवर एकच गाडी."

नियम बारीक होते. दिवा, पंखा, रेडिओ ही रुळाच्या कडेनं चालणारी माणसं, त्यांना टोकन नको. फ्रिजला पास होता. मिक्सर, इस्त्री, हीटर या पॅसेंजर गाड्या. कूलर ही मालगाडी, ती दुपारी एक ते तीन आमच्याकडे आणि तीन ते पाच त्यांच्याकडे. आणि पाण्याची मोटार म्हणजे एक्स्प्रेस. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, हे वेगळं सांगायला नको. ज्या दिवशी येतं त्या दिवशी माणसं देवाला नमस्कार करायच्या आधी मोटार लावतात. गल्लीत "पाणी आलं!" अशी हाक उठली की मास्तर जिन्यात येऊन ओरडायचे, "समदं बाजूला घ्या! एक्स्प्रेस सुटायली!" माझा नवरा अर्धी इस्त्री झालेला शर्ट घालून कितीदा कामावर गेला असेल, त्याची गणती नाही.

त्याने एकदा चोरून इस्त्री लावली. कांडी खाली, इस्त्री वर. नेमका त्याच वेळी मास्तरांनी खाली हीटर लावला, रीतसर, कांडी हातात धरून. फट्! मास्तर रागावले नाहीत. त्यांनी चौकशी केली. रात्रपाळीच्या पॉइंट्समनला विचारावं तशा आवाजात त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "सिग्नल कोन दिला तुमाला?"

"कुणीच नाही."

"मग गाडी कशी हालली?"

बँकेत अधिकारी असलेला माणूस मान खाली घालून उभा होता. शेवटी मास्तर म्हणाले, "माणूस चुकतंय. म्हणून तर टोकन हाय." आणि स्वतःच फ्यूजला तार घालून मोकळे झाले.

वायरिंग बदला, असं आम्ही किती वेळा म्हटलं! पेठेतला इलेक्ट्रिशियन सिनू दोनदा येऊन बघून गेला. बेंगळुरूला असलेला त्यांचा मुलगा फोनवर कानीकपाळी ओरडायचा. मास्तर म्हणायचे, "बघू की. चालतंय न्हवं?" चालत होतं खरं. आम्ही तरी कुठे जाणार होतो? शाळा जवळ, हौद मोठा, आणि घरमालक तिऱ्हाइताच्या भानगडीत न पडणारा. असं घर मिळायला नशीब लागतं, असं स्वतःला बजावत मी एकोणीस पायऱ्या उतरत राहिले.

संक्रांतीनंतर माझी आई वैरागहून आमच्याकडे राहायला आली. तिला दम लागायचा, तिकडे एकटीला ठेवणं बरं वाटेना. ती येऊन चार दिवस झाले आणि कांडी हरवली.

झालं असं की मी सकाळी मिक्सरसाठी कांडी वर आणली, काम झालं, आणि शाळेच्या घाईत ती ओट्यावर तशीच राहिली. संध्याकाळी परत येते तो मास्तर जिन्याच्या तोंडाशी उभे. "ताई, टोकन आलं न्हाई." मी वर शोधलं. ओट्यावर नाही, फडताळात नाही, कचऱ्याच्या बादलीतही नाही. 'टोकन बघितलंस का,' असं आईलाही विचारलं, तिने नाही म्हणून मान हलवली. तोंडचं पाणीच पळालं. दुसरी कांडी रंगवा असं म्हणायची सोय नव्हती, कारण हरवलेली नंतर सापडली तर दोन टोकनं होणार आणि समोरासमोर गाड्या येणार.

पण रेल्वेने त्याचाही विचार केलेला असतो. टोकन नसेल तेव्हा स्टेशन मास्तर कागदावर लिहून परवानगी देतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या घरी चिठ्ठ्या सुरू झाल्या. 'मिक्सर. सहा वाजून पाच ते सहा वाजून आठ. सावकाश जाणे. सही.' माझ्या नवऱ्याच्या इस्त्रीच्या चिठ्ठीवर 'पुढे धोका, नजर ठेवणे' असं जास्तीचं वाक्य होतं.

तीन दिवस हा कारभार चालला. चौथ्या दिवशी आईची पूजा चालू असताना मी सहज देव्हाऱ्यात बघितलं. खंडोबाच्या टाकाशेजारी, हळदीकुंकू लावून, वर झेंडूचं फूल ठेवून कांडी बसवलेली.

"आई! हे काय?"

"काय म्हंजे? तुज्या घराचा द्येव न्हवं का त्यो? शेंदूर लावल्याला हाय. तू ओट्यावर खरकट्यात ठिवला हुतास. मी म्हनलं, शिकल्याल्या पोरी, ह्यांना देवाधर्माचं भान न्हाय."

मी कांडी घेऊन खाली गेले. कुंकू पुसावं की नको, हेही सुचेना. आई काय म्हणाली ते सांगून टाकलं. मास्तरांनी ती दोन्ही हातांनी घेतली, उलटसुलट करून बघितली, आणि मला वाटलं आता चौकशी होणार. पण त्यांनी ती तशीच कुंकवासकट खिळ्याला लावली आणि म्हणाले, "आक्का बराबर बोलल्या. चाळीस वर्सं टोकनावरच हवाला ठिवून झोपलो की मी." त्या दिवसापासून आई आणि मास्तर यांचं गूळपीठ जमलं. ती कठड्यावरून खाली वाकून विचारायची, "मास्तर, आज काय कालवन?" आणि ते खालून सांगायचे. दोघांना एकमेकांचा स्वयंपाक पसंत नव्हता, त्यामुळे बोलायला विषय भरपूर.

मग उन्हाळा आला आणि आईचा दम वाढला. दवाखान्यात आठ दिवस राहून ती घरी आली, पण डॉक्टरांनी सांगितलं की घरी ऑक्सिजनचं मशीन लागेल. नाकात नळी, आणि मशीन दिवसरात्र चालू. महिना, कदाचित दोन.

दिवसरात्र! माझ्या डोळ्यांसमोर कांडी उभी राहिली. नवऱ्याने तर नवीन घर बघायलाही सुरुवात केली. मी म्हटलं, आधी बोलून बघते. खरं सांगायचं तर मी बोलायला नव्हे, भांडायलाच गेले होते.

"मास्तर, एक मशीन आणायचंय."

"किती मिन्टं?"

"मिनिटं नाही. दिवसरात्र. दोन महिनेसुद्धा."

मास्तरांनी खिळ्यावरच्या कांडीकडे बघितलं. ते बघणं म्हणजे नकारच, असं धरून मी सुटले. चार वर्षांचं सगळं बाहेर काढलं. मी त्याला हट्टीपणा म्हणाले, खेळ म्हणाले. "माझ्या आईचा श्वास काय तुमच्या लाकडाच्या तुकड्यावर चालणार?" असंही म्हणाले. ते मी बोलायला नको होतं.

ते ऐकून घेत राहिले. मग उठले, खिळ्यावरची कांडी काढली आणि माझ्या हातात दिली.

"ही वरच ऱ्हाऊ दे. परत आनायची न्हाई." मग म्हणाले, "वर एक पंखा, एक दिवा. बाकी कायबी लावू नका. आक्कांची गाडी लागली लाइनीवर."

मशीन आलं, आणि वीज गेली तर जोडायला ऑक्सिजनचा एक सिलिंडरही. आईला बरं वाटू लागलं. नवरा नळाचं पाणी बादल्यांनी भरू लागला, मी चटणी उखळात कुटायला लागले, आणि कबूल करते, तेल सुटलं. एका बाजूला पेपर तपासायचे, दुसऱ्या बाजूला आईची औषधं, घड्याळाकडे बघायलाही सवड नव्हती. शाळेत जाता-येता मास्तरांच्या दाराशी थांबायचं काही कारणच उरलं नव्हतं. मीटरखालची खुर्ची रिकामी असते, खालून रेडिओ ऐकू येत नाही, हे माझ्या लक्षात आलं, पण मी समजले, मास्तर फुगून बसलेत. बसू देत. माझाही राग अजून उतरला नव्हता.

अकराव्या दिवशी मी शाळेतून दुपारी आले. ऊन असं की चपलेतून चटका बसत होता. आई म्हणाली, "मास्तरचा आवाज न्हाय बग किती दिस झालं. त्येनला पन्हं दिऊन ये जा."

कैरीच्या पन्ह्याचा तांब्या घेऊन मी खाली गेले. दार लोटलेलं होतं. आत अंधार. मास्तर फरशीवर ओलं गोणपाट टाकून त्यावर बसलेले, डोक्यावर ओला पंचा, हातात जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा, त्याने वारा घेत होते. वर पंखा स्तब्ध. आणि खिडकीच्या चौकटीत चिनी मातीचे पाच फ्यूज एका ओळीत मांडून ठेवलेले.

"मास्तर, हे काय?"

"ब्लॉक घेतलोय," ते म्हणाले. "खालची समदी लाइन बंद."

"कधीपासून?"

"मशीन आल्यापास्नं."

अकरा दिवस. सोलापूरचा एप्रिल महिना, कूलर नाही, पंखासुद्धा नाही. मोबाइल कोपऱ्यावरच्या पानपट्टीत चार्ज करून आणत होते म्हणे. मी विचारलं, "अहो, पंख्याला तर टोकन लागत नाही ना?"

"भितीतला जॉइंट खराब हाय, ताई. मला म्हाईत हाय त्यो. कदी कदी पंख्यालाबी उडतोय फ्यूज. माजा पंखा फिरला आन् फ्यूज उडला तर वर मशीन बंद. तुमी शाळंत. आक्का एकट्या. सिलिंडर कोन जोडनार? माजा हात चुकून बटनावर जायचा, म्हणून फ्यूजच काडून ठिवलो."

मला आधी राग आला. या वयात उन्हाने चक्कर येऊन पडले असते म्हणजे? मग रडू आलं, आणि रडू आल्याचा पुन्हा राग आला. मी तिथेच फरशीवर बसले. "मास्तर, सिनू दोनदा येऊन गेला. मुलगा मागे लागलाय. मग वायरिंग बदलत का नाही तुम्ही? अडचण तरी काय आहे?"

मास्तरांनी पन्ह्याचा तांब्या हातात घेतला. प्याले नाहीत.

"गौराक्का गेल्यावर," ते म्हणाले, आणि गौराक्का म्हणजे त्यांची बायको, "ह्या घरात दोन दोन दिस तोंड उघडायचं काम पडत नव्हतं. मग तुमी ऱ्हायला आलाव. फ्यूज उडायला लागला. तुमी खाली यायला लागलाव. मी म्हनलं, ह्याचा नियमच करू. दिसाला सा-सात डाव माणूस दारात येतंय. वायरिंग नीट झालं तर कोन येतंय, ताई, खाली?"

ज्या माणसाने दिवसातून सहा-सात वेळा दारात माणूस यावा म्हणून घरभर धोका बाळगला, त्यानेच माझ्या आईसाठी कांडी उचलून मला दिली होती. परत आणू नका म्हणून. आणि मी खरोखरच अकरा दिवस एकदाही त्यांच्या दारात थांबले नव्हते. मला माझीच फार लाज वाटली. मी तसं त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "असू द्या की. पन्हं ग्वाड झालंय." अजून चाखलंही नव्हतं.

त्याच आठवड्यात सिनूला बोलावलं. दोन दिवस आईला मशीनसकट शेजारी हलवलं आणि घराच्या भिंती मोकळ्या केल्या. जिन्याजवळच्या भिंतीतून काढलेला तुकडा सिनूने मास्तरांच्या हातात दिला. तो कोळशासारखा काळा झाला होता, चिमटीत धरला की भुगा होत होता. "मास्तर, ही वायर न्हाई, वात हाय," सिनू म्हणाला. "पंखा बंद ठेवलाव ते लई बरं केलाव."

काम झाल्यावर मास्तर मेनजवळ उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले आणि हुकूम दिला, "मोटार सोडा. इस्त्री. मिक्सर. दोनी कूलर. समद्या गाड्या एकदम!" आम्ही सगळं एकदम लावलं. मोटार घरघरली, मिक्सर ओरडला, कूलर सुरू झाले. फट् असा आवाज काही झाला नाही. मास्तरांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनीही वाजवल्या, पण जरा उशिरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आमच्या दारावर टकटक झाली. दारात मास्तर, हातात टेस्टर. चार वर्षांत पहिल्यांदा ते वर आले होते. "बटनं गरम होतात का, बगून जातो." दहा बटणं बघायला त्यांना अर्धा तास लागला. तेवढ्यात चहा झाला, तो त्यांनी उभ्यानेच घेतला. तिसऱ्या दिवशी अर्थिंग तपासायला आले. चौथ्या दिवशी दिवा खालून मंद दिसतोय म्हणून आले. पाचव्या दिवशी मशीनची पिन सैल वाटते म्हणून. पिन घट्ट होती. सहाव्या दिवशी ते दारात आले आणि तसेच उभे राहिले. खिशातून टेस्टर काढला, बघितला, परत खिशात घातला. भिंतींकडे बघितलं, छताकडे बघितलं.

आई कॉटवर बसली होती, नाकात नळी, मांडीवर निवडायची मेथी. तिने चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "कारनं सपली व्हय, मास्तर? लई बरं झालं. आता निवांत बसा."